मिझुरीचा ठेका आणि शापोऱ्याचे दोन काठ

कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या घरांत एक धून हमखास ऐकू येते. 'द एन्टरटेनर' तिचं नाव. स्कॉट जॉप्लिन या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराने ती १९०२ साली प्रसिद्ध केली. नाव ठाऊक नसलेला माणूसही ती ऐकताच पायाने ठेका धरतो. या संगीताला रॅगटाइम म्हणतात. आपल्या रागसंगीताशी त्याचं काही नातं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

गोव्यात ही धून वाजली की ऐकणारे साधारण दोन प्रश्न विचारतात. पहिला असा की हेच जॅझ का? दुसरा अधिक खोलवर जाणारा आहे. असलं संगीत गोंयकारांच्या हातांत इतकं सहज कसं बसलं, आणि सगळ्याच गोव्यात सारखं का बसलं नाही? पेडणे तालुक्यातल्या मोरजीच्या तोंडाशी शापोरा नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर बार्देस तालुका आणि शिवोली. पूल होण्याआधी फेरीबोटीने काही मिनिटांत माणूस पलीकडे जाई. पण बार्देसच्या घरांत व्हायोलिन आणि ट्रम्पेट, तर पेडण्याच्या घरांत घुमट आणि पेटी, असं चित्र पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. इतक्या अरुंद नदीने एवढा फरक कसा केला?

या प्रकरणात आपण आधी ठेका समजून घेऊ, मग तो कुठे जन्मला आणि कुठल्या वाटांनी पसरला ते पाहू, आणि शेवटी नदीच्या दोन्ही काठांवर परत येऊ.

१. दोन हातांची दोन कामं

रॅगटाइम हे मुख्यतः पियानोचं संगीत. त्यात डावा हात आणि उजवा हात यांची कामं वाटून दिलेली असतात. डावा हात खालच्या सप्तकातला एक भारी स्वर वाजवतो, लगेच वर येऊन तीन-चार स्वरांचा मेळ वाजवतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा वर. 'धुम्-चक, धुम्-चक' अशी ही चाल न चुकता चालू राहते. लष्करी बँडमध्ये जाडी तुतारी आणि ढोल जे करतात, तेच इथे एकटा डावा हात करतो.

उजवा हात धून वाजवतो, पण धुनेचे ठळक आघात डाव्या हाताच्या आघातांवर पडत नाहीत. ते मधल्या जागांत पडतात. होडी वल्हवणारा माणूस सोबत्याशी बोलत असतो तेव्हा असंच होतं. वल्ही ठरल्या लयीत पाण्यात पडतात, बोलण्यातला जोर मात्र दोन वल्ह्यांच्या मध्ये कुठेतरी येतो, आणि तरी होडी डगमगत नाही.

आता हे स्वतः करून पाहा. एक ते आठ मात्रा सारख्या अंतराने मोजा.

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८

पाय १, ३, ५ आणि ७ या मात्रांवर आपटा. हा झाला डावा हात. पाय तसेच चालू ठेवून टाळी फक्त १, ४ आणि ७ वर वाजवा. पहिली टाळी पायाबरोबर पडेल, दुसरी दोन पावलांच्या बरोबर मध्ये, तिसरी पुन्हा पायाबरोबर. आठ मात्रांची ही ३-३-२ अशी फोड झाली. जमलं की टाळी १, २, ४, ५ आणि ७ वर घ्या. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या टाळ्या पावलांच्या मध्ये पडतात आणि अंगात एक झोका येतो. रॅगटाइमच्या असंख्य धुनांत हा आकृतिबंध सापडतो. अपेक्षित जागेवरून आघात असा सरकवण्याला पाश्चात्त्य संगीतात सिंकोपेशन म्हणतात.

आपल्या कानाला हे परकं नाही. समेच्या अलीकडे किंवा पलीकडे आघात ठेवून ऐकणाऱ्याला क्षणभर अधांतरी ठेवणं, हा आपल्या तालशास्त्रातला अतीत-अनागत विचार. तबलजी आडलयीत गेला की मैफलीत जी दाद उठते, ती याच आनंदाची. फरक इतकाच की आपल्याकडे हा खेळ समेपाशी किंवा उपजेत होतो. रॅगटाइममध्ये तो पहिल्या मात्रेपासून शेवटापर्यंत चालू असतो आणि सगळा आधीच लिहिलेला असतो.

२. रचनेचा साचा

ठेका कळला, आता बांधणी पाहू. जॉप्लिनची सर्वांत गाजलेली रचना 'मेपल लीफ रॅग' उदाहरणाला घेऊ. तिच्यात चार धुना आहेत. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. प्रत्येक धून सोळा आवर्तनांची. त्या येतात अशा क्रमाने: अ अ, ब ब, अ, क क, ड ड. पहिल्या दोन धुना प्रत्येकी दोनदा, मग 'अ'ची एकवार भेट, त्यानंतर नवी वस्ती.

तिसऱ्या धुनेपाशी आणखी एक गोष्ट घडते. षड्ज बदलतो. आतापर्यंतचा मध्यम हाच नवा षड्ज होतो. मध्यमाला षड्ज मानून गाण्याची रीत आपल्याकडच्या ठुमरी-नाट्यगीतांच्या श्रोत्याला ठाऊक आहे. तिथे गाण्याचा रंग जसा एकदम मऊ होतो, तसाच इथेही होतो.

हा साचा जॉप्लिनने शोधलेला नाही. तो लष्करी बँडच्या कूचगीतांचा साचा आहे. युरोपातून आलेला सांगाडा आणि आफ्रिकेतून आलेल्या माणसांची लय, या दोहोंची गाठ म्हणजे रॅगटाइम. लय गुलामांच्या जहाजांतून आली होती. तिच्याबरोबर वाद्यं येऊ शकली नाहीत, पण अंगात भिनलेला ठेका कुणाला काढून घेता आला नाही.

३. मिझुरीच का?

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. मोकळ्या झालेल्या माणसांना काम शोधत हिंडावं लागलं. त्याच काळात रेल्वेचं जाळं पसरत होतं, आणि मिझुरी हे राज्य देशाच्या मधोमध, मोठ्या नद्यांच्या आणि रेल्वेमार्गांच्या संगमावर होतं. रेल्वेचं गाव म्हणजे हातात रोख मजुरी असलेली माणसं. रोख मजुरी तिथे दारूचे गुत्ते, नाचघरं आणि जुगारअड्डे, आणि अशा प्रत्येक ठिकाणी एक पियानो. वादकांना पोट भरण्याची ती जागा होती. एका गावी महिनाभर वाजवायचं, गाडी पकडायची, पुढच्या गावी जायचं. जाताना तिथल्या चार नव्या करामती बोटांत घेऊन जायचं. १८९३ साली शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने असे कितीतरी फिरते वादक तिथे गोळा झाले आणि देशभरच्या लोकांनी त्यांना ऐकलं.

जॉप्लिन त्यांच्यातलाच एक. त्याचा जन्म १८६८ च्या सुमारास ईशान्य टेक्ससमध्ये झाला. वडील गुलाम म्हणून जन्मलेले, ते व्हायोलिन वाजवत. आई गायची आणि बॅन्जो वाजवायची. आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई, तेव्हा तिथल्या पियानोवर मुलाला बसू देत. ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकाने त्याची चुणूक ओळखून युरोपीय संगीताचे धडे दिले. पुढे तो मिझुरीतल्या सेडालिया या गावी स्थिरावला. १९०० साली सेडालियाची वस्ती साधारण १५ हजार होती. रेल्वेचे दोन मोठे मार्ग तिथे मिळत. कृष्णवर्णीयांसाठी जॉर्ज आर. स्मिथ कॉलेज होतं, तिथे जॉप्लिनने शिक्षण घेतलं, आणि रात्री तो मेपल लीफ क्लबात वाजवायचा. शिक्षण आणि अड्डा या दोन्ही गोष्टी एकाच गावात मिळाल्या. रॅगटाइम ऐन भरात यायला अशीच जागा लागत होती.

४. बोटांतून कागदावर

ऐकून उचललेलं संगीत वादकाबरोबर गाडीत बसून जातं. छापलेलं संगीत टपालाने जातं आणि अनोळखी माणसाच्या घरात शिरतं. १८९७ च्या जानेवारीत विल्यम क्रेल या गोऱ्या बँडमास्तरचा 'मिसिसिपी रॅग' छापून आला. रॅग म्हणून छापली गेलेली ही पहिली वाद्यरचना मानतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सेंट लुइसच्या टॉम टर्पिनचा 'हार्लेम रॅग' आला. कृष्णवर्णीय संगीतकाराचा तो पहिला छापील रॅग.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये सेडालियाच्या जॉन स्टार्क या वाद्यविक्रेत्याने 'मेपल लीफ रॅग' छापायला घेतला. करारात जॉप्लिनला प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मिळेल असं कलम होतं. एक सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण त्या काळी कृष्णवर्णीय संगीतकारांच्या रचना प्रकाशक थोडीफार रक्कम एकदाच देऊन कायमच्या घेऊन टाकत. या कलमामुळे जॉप्लिनला त्या एका रचनेवर आयुष्यभर थोडंसं का होईना, नियमित उत्पन्न मिळत राहिलं.

प्रती विकल्या जात होत्या त्या घरोघरच्या पियानोंमुळे. १९०९ साली अमेरिकेत एका वर्षात तीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. मध्यमवर्गीय घरात पियानो असणं ही प्रतिष्ठेची खूण होती आणि तो बहुधा घरातल्या मुली वाजवत. त्यांतल्या काहींनी स्वतः रॅग लिहिले. इंडियानापोलिसच्या मे ऑफडरहाइडचा 'डस्टी रॅग' १९०८ साली निघाला आणि लोकांना आवडला.

सगळ्यांनी मात्र हे संगीत उचलून धरलं नाही. गुत्त्यातून आलेलं, कृष्णवर्णीयांचं, म्हणून ते हलकं मानलं गेलं. १९०१ साली अमेरिकन वादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांनी रॅगटाइम वाजवू नये असा ठराव केला. गोव्याच्या वाचकाला या वागणुकीची ओळख पटेल. देवळांच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या गाणं जपणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांना आपल्याकडे हीच अवहेलना सोसावी लागली. त्यांच्यातूनच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका पुढे आल्या आणि साऱ्या देशाने मान तुकवली. कलेला कमी लेखणारे बहुतेकदा कलावंताच्या जन्माकडे बोट दाखवत असतात. जॉप्लिनला हे ठाऊक होतं. आपलं संगीत गंभीरपणे ऐकलं जावं म्हणून त्याने 'ट्रीमोनिशा' हा ऑपेरा लिहिला आणि १९११ साली पदरमोड करून छापला. आपली रचना भरधाव वाजवू नये, अशी सूचना तो अनेक रॅगांच्या माथ्यावर छापत असे.

५. जसा प्रांत, तसा रॅग

आता पसाराच पाहू, कारण रॅगटाइम प्रत्येक मुलखात थोडं बदललं.

मिझुरीत ते संथ, गाण्यासारखं राहिलं. सेंट लुइसला टर्पिनचा रोझबड बार हा वादकांचा अड्डा होता. राज्याच्या दुसऱ्या टोकाला कार्थेज या गावी जेम्स स्कॉट वाद्यांच्या दुकानात काम करता करता लिहित होता. त्याचा हात अधिक चमकदार, पियानोच्या दोन्ही टोकांपर्यंत पळणारा. न्यू जर्सीचा जोसेफ लॅम हा आयरिश घरातला गोरा तरुण छापील प्रतींवरून हे संगीत शिकला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याची जॉप्लिनशी गाठ पडली आणि जॉप्लिनने त्याची रचना छापली जावी म्हणून मदत केली. स्कॉट, लॅम आणि जॉप्लिन या तिघांना आज या संगीताचे तीन आधारस्तंभ मानतात. त्यांतला एक केवळ कागदावरून घडला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पूर्व किनाऱ्यावर, बाल्टिमोर आणि न्यूयॉर्ककडे, स्पर्धा कडक होती. तिथे युबी ब्लेक आणि जेम्स पी. जॉन्सन यांनी वेग वाढवला, डाव्या हाताच्या उड्या लांबवल्या, आणि त्यातून स्ट्राइड नावाची शैली निघाली. दक्षिणेला न्यू ऑर्लिन्समध्ये पियानोपेक्षा बँडचा जोर. तिथे रॅग क्लॅरिनेट, कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनमध्ये वाटले गेले. जेली रोल मॉर्टनसारखा वादक लिहिलेली धून आपल्या मनाने वळवू लागला.

हे झालं अमेरिकेत. पण १, ४, ७ ची ती टाळी आफ्रिकी माणसांनी इतर किनाऱ्यांवरही नेली होती. क्यूबात ती हाबानेरा या नाचात रुजली. ब्राझीलमध्ये, म्हणजे पोर्तुगीज भाषेच्याच मुलखात, एर्नेस्तो नाझारेथने जॉप्लिनच्याच काळात पियानोसाठी अशाच डोलणाऱ्या रचना लिहिल्या. या दोघांची भेट झालेली नाही. बी एक आणि जमिनी वेगळ्या, म्हणून पिकं भावंडांसारखी आली.

युरोपात हे संगीत आधी बँडने नेलं. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात जॉन फिलिप सूझाच्या बँडने तिथल्या लोकांना हा ठेका ऐकवला. १९०८ साली देब्युसीने आपल्या मुलीसाठी लिहिलेल्या पियानोरचनांत एक याच चालीची ठेवली. १९१८ साली स्ट्राव्हिन्स्कीने अकरा वाद्यांसाठी 'रॅगटाइम' लिहिलं. त्याच वर्षी जेम्स रीस युरप हा कृष्णवर्णीय बँडमास्तर पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन पलटणीबरोबर फ्रान्समध्ये वाजवत होता. हे नाव ध्यानात ठेवा. मुंबईच्या वाटेवर ते पुन्हा भेटणार आहे.

६. मग जॅझ म्हणजे काय?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. रॅगटाइम आणि जॅझ हे बाप-लेक आहेत. रॅगटाइम लिहिलेलं असतं आणि लिहिल्याबरहुकूम वाजवायचं असतं. जॅझमध्ये लिहिलेली धून हा मुखडा, आणि वादकाने त्यावर केलेली बढत हे खरं गाणं. रॅगटाइमच्या छोट्या मात्रा सारख्या अंतराच्या असतात. जॅझमध्ये जोडीतली पहिली मात्रा थोडी लांबते, दुसरी आखडते आणि लय झुलू लागते.

१९१७ च्या १ एप्रिलला जॉप्लिन न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याच वर्षी जॅझ या नावाच्या पहिल्या तबकड्या बाजारात आल्या. पुढची पन्नासेक वर्षं रॅगटाइम अडगळीत टाकलं गेलं. १९७० साली जोशुआ रिफकिनने जॉप्लिनच्या रचना शांतपणे, लिहिल्यासारख्या वाजवून तबकडी काढली. १९७३ च्या 'द स्टिंग' या चित्रपटाने 'द एन्टरटेनर' जगभर पोहोचवलं. १९७६ साली जॉप्लिनला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. जपून ठेवलेले कागद होते, म्हणून हे पुनरुज्जीवन शक्य झालं.

७. नदीचे दोन काठ

आता गोव्यात येऊ. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. यांना जुन्या काबिजादी म्हणतात. तिथे गावोगाव चर्च झाली आणि चर्चला जोडून शाळा. त्या शाळेत मुलाला प्रार्थनेबरोबर संगीत शिकवत: स्वरलिपी वाचणं, चारी आवाजांत गाणं, व्हायोलिन धरणं. शिकवणाऱ्याला मेस्त्र म्हणत. गरीब घरातल्या मुलालाही पाच रेघांवरचे ठिपके वाचता येऊ लागले. ही विद्या त्याला हवापाण्यासारखी मिळाली.

डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आलं. या नव्या काबिजादी. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि इथल्या लोकांचे देवधर्म आणि चालीरीती सांभाळण्याची हमी सरकारला द्यावी लागली. म्हणून मोरजीत देवी मोरजाईचं देऊळ राहिलं, तिचा उत्सव राहिला, आणि त्याबरोबर देवळाचं संगीत राहिलं. नदीच्या दक्षिणेला चर्चची शाळा, उत्तरेला देवळाचा मांड. दोन्हीकडची माणसं सारखीच लयदार. फरक पडला तो शाळेने. एका काठावर संगीत वाचायला शिकवलं गेलं, दुसऱ्यावर पाठ करायला.

८. मुंबईची वाट

स्वरलिपी वाचणाऱ्या गोंयकाराला नोकरी गोव्यात नव्हती. ती ब्रिटिश हिंदुस्थानात होती: लष्करी बँडांत, संस्थानिकांच्या दरबारी, आगबोटींवर आणि मुंबईच्या मूकपटांच्या थिएटरांत, जिथे पडद्यासमोर बसून वाद्यवृंद वाजवावा लागे. मुंबईला धोबी तलावाच्या आसपास प्रत्येक गावाची कूड होती, तिथे नवखा मुलगा पाठ टेकायचा. छापील पाश्चात्त्य संगीत आणि ग्रामोफोनच्या तबकड्या बंदरातून येतच होत्या. ज्याला कागद वाचता येतो, त्याला नवा नाच आठवड्यात वाजवता येतो. सेडालियाच्या प्रती न्यू जर्सीच्या लॅमला ज्या कामी आल्या, तीच ही गोष्ट.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ आले. ते ट्रम्पेट वाजवत. हेच स्मिथ १९१३-१४ साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरप यांच्या वाद्यवृंदात कॉर्नेट वाजवत होते. म्हणजे ज्या माणसाने रॅगटाइमचे नाच तरुणपणी वाजवले, तोच माणूस अपोलो बंदरावर गोव्याच्या पोरांसमोर उभा राहिला. पुढे टेडी वेदरफर्ड या पियानोवादकाने इथे बँड चालवला, त्यात कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवत. हाताला हात लागून विद्या पोहोचली, ती अशी.

बार्देसमधल्या हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबई गाजवू लागले. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याला जन्मलेले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यांना चित्रपटांत आणलं, आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्यांच्या वाद्यांचा झोत साऱ्या देशाने ऐकला. चाल मराठी माणसाच्या गळ्यातून निघायची आणि तिच्याभोवतीचा नाचरा ठेका गोव्याच्या हातांतून यायचा.

स्टुडिओतली रीतही समजून घेण्यासारखी आहे. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. शेजारी बसलेला गोमंतकीय अरेंजर ती ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवी, मग व्हायोलिनला काय, ट्रम्पेटला काय, हे वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढी. सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं हे काम केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एका मंचावर आणण्याचा प्रयोग मुंबईत केला. मेस्त्रच्या शाळेत गिरवलेल्या ठिपक्यांचं मोल काय, ते इथे दिसतं.

९. उत्तर काठाचा ठेका

तर मग पेडणे-डिचोलीकडे काय होतं? चवथीच्या दिवसांत एखाद्या घरची आरती ऐका. आरत्या मराठी, आणि साथ घुमटाची. घुमट हे मातीचं मडकं. त्याला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, धाकटं तोंड उघडं. वादक उजव्या हाताने कातड्यावर आघात करतो आणि डाव्या हाताचा तळवा धाकट्या तोंडावर ठेवतो, उचलतो, अर्धवट झाकतो. त्या उघडझापीने आतली हवा कोंडते आणि सुटते, आणि आघाताला खालच्या स्वराची घुमारी येते. शेजारी शमेळ काठ्यांनी बोलतं, कांसाळं लय धरून ठेवतं. कांसाळ्याची लय ढळत नाही आणि घुमटं तिच्या फटींत आपले बोल पेरत जातात. पहिल्या विभागात तुम्ही पायाने आणि टाळीने जे करून पाहिलं, ते इथे चार-सहा माणसं मिळून करतात. शिगम्याला ढोल-ताशांच्या रोमटात तोच खेळ रस्त्यावर येतो.

गोव्यातलेच खाप्रुमामा पर्वतकर हातांनी, पायांनी आणि तोंडाने वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गुणीजनांनी त्यांच्या लयीपुढे हात जोडले. रॅगटाइमच्या पियानोवादकाला दोन हात वेगळे चालवायचे असतात. खाप्रुमामांनी तो विचार किती पुढे नेला होता ते यावरून कळावं. नव्या काबिजादीत लयीची श्रीमंती तसूभरही कमी नव्हती. ती फिरत्या कागदावर चढली नाही, म्हणून मुंबईच्या हॉटेलांपर्यंत गेली नाही.

१०. काय टिकतं आणि का

शेवटी एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. सेंट लुइसला लुई शोव्हँ नावाचा पियानोवादक होता. ऐकलेलं काहीही तो तत्काळ वाजवी. त्याच्या सोबत्यांच्या मते गावात त्याच्या तोडीचा वादक नव्हता. पण त्याला स्वरलिपी येत नव्हती. १९०७ साली 'हेलिओट्रोप बुके' ही रचना निघाली. तिच्यातल्या पहिल्या दोन धुना शोव्हँच्या, त्या जॉप्लिनने बसून लिहून घेतल्या आणि पुढच्या दोन स्वतःच्या जोडल्या. पुढच्याच वर्षी, पंचविशी नुकती ओलांडलेला शोव्हँ वारला. त्याच्या छापील रचना अवघ्या तीन. रात्रीमागून रात्री त्याच्या बोटांतून जे निघालं, ते सगळं त्याच्याबरोबर गेलं. 'हेलिओट्रोप बुके' आज ऐकता येते, कारण जाणत्या मित्राने वेळेवर लेखणी उचलली.

पेडण्या-डिचोलीतले कितीतरी वयस्क घुमटवादक आज शोव्हँच्या जागी आहेत. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला, हे योग्य झालं. पूर्वी या वाद्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. त्यामुळे नाद थोडा बदलला, पण वाद्य वाचलं. वाद्य वाचलं म्हणजे वादन वाचलंच असं नाही. वादन वाचतं ते बोलांत, आणि बोल अजून बहुतांशी डोक्यातच आहेत.

हे काम मोठ्या संस्थेची वाट पाहत थांबणारं नाही. चवथीला घरी आलेल्या भाच्या-पुतण्यांच्या खिशात चांगला रेकॉर्डर असतोच. आजोबांना आधी नुसते बोल तोंडाने म्हणायला सांगावं आणि ते नोंदवावेत, मग तेच घुमटावर संथ लयीत, मग भर आरतीत. फाइलीला गावाचं, वाड्याचं आणि वर्षाचं नाव द्यावं, आणि आजोबांची ना नसेल तर त्यांचंही. शेजारच्या वाड्यावर तोच बोल वेगळा म्हणत असतील तर तोही घ्यावा, कारण मिझुरीचा आणि बाल्टिमोरचा रॅग वेगळा होता हे आपल्याला दोन्हीकडच्या नोंदी राहिल्या म्हणूनच कळतं. तबला शिकलेलं कुणी असेल तर त्याने बोल मात्रांत मांडून वहीत उतरवावेत. पलीकडच्या शिवोलीत व्हायोलिन शिकलेल्या मित्राला बोलावून पाच रेघांवरही लिहून घ्यावेत. चर्चच्या शाळेने दक्षिण काठाला जे दिलं, ते उत्तर काठाला आता स्वतःच्या हाताने घेता येण्यासारखं आहे, आणि शिकवणारी माणसं हयात आहेत तोवरच ते घेता येईल. येत्या चवथीपासूनच सुरुवात करावी.